अकरा गाणी, दोन घरं: हारुओमी होसोनोंच्या अल्बमचं प्रकरण

१९७३ साली हारुओमी होसोनोंनी टोकियोबाहेरच्या एका भाड्याच्या घरात अकरा गाण्यांचा अल्बम केला. नाव साधंच, 'होसोनो हाउस'. २०१९ च्या मार्चमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, तीच अकरा गाणी त्यांनी परत केली. या वेळी क्रम शेवटून पहिल्याकडे उलटा, आणि काम जवळजवळ सगळं एकट्याचं. याचं नाव 'होचोनो हाउस'; स्वतःच्या आडनावाचीच थोडी मोडतोड.

कलावंताला मोकळीक मिळाली, असं आपण सहज लिहून जातो. ती कशापासून मिळाली, आणि तिच्या बदल्यात काय सोडावं लागलं, हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. इथे तो मांडता येतो, कारण माणूस तोच आहे आणि गाणीही तीच. बदलली ती फक्त काम करण्याची व्यवस्था.

आधीची गोष्ट

होसोनो 'हॅपी एंड' या चौघांच्या बँडचे बासवादक. एइइची ओताकी, ताकाशी मात्सुमोतो आणि शिगेरु सुझुकी हे बाकीचे तिघे. जपानी भाषेत रॉक होऊ शकतं का, यावर तिथे वाद झडत होते त्या काळात या चौघांनी ते करून दाखवलं. १९७१ चा त्यांचा दुसरा अल्बम 'काझेमाची रोमान' आजही जपानी रॉकचा पाया मानतात. पण या बँडमध्ये शब्द मुख्यतः मात्सुमोतोंचे, आणि ऐकणाऱ्याच्या कानात राहायचा तो ओताकींचा आवाज. तिसऱ्या अल्बमसाठी चौघं १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओत गेले, तिथे अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्ससोबत काम केलं, आणि वर्ष संपता संपता बँडही संपला.

होसोनोंची अडचण गळ्याची होती. आवाज खालचा, जाडसर, बोलण्याच्या पातळीवर राहणारा. वरच्या पट्टीत ताणून गाणं त्यांना मानवत नव्हतं. अमेरिकी गायक जेम्स टेलर ऐकल्यावर त्यांना वाट दिसली: खालच्या सुरात, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं गायचं. पुढचे सगळे तांत्रिक निर्णय या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. हळू गाणाऱ्या माणसाला भोवतालची खोली, वाद्यं आणि घड्याळ हे तिन्ही आपल्या बाजूचं लागतं. तासाच्या भाड्याच्या स्टुडिओत घड्याळ कंपनीच्या बाजूचं असतं.

घर

सैतामा प्रांतातल्या सायामा गावात अमेरिकी हवाई दलाच्या जॉन्सन तळाजवळ सैनिकांच्या कुटुंबांसाठी बांधलेली घरं होती. एकमजली, लाकडी, पाश्चात्त्य धाटणीची. अमेरिकी माणसं कमी होत गेली तशी ती स्वस्त भाड्यानं जपानी लोकांना मिळू लागली, आणि चित्रकार, छायाचित्रकार, वादक तिथे राहायला आले. होसोनोंनीही तिथे घर घेतलं. १९७३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच घरात रेकॉर्डिंग झालं, आणि मे महिन्यात किंग रेकॉर्ड्सच्या बेलवुड लेबलवर अल्बम आला.

सोबत गिटारला शिगेरु सुझुकी, ड्रम्सला तात्सुओ हायाशी, कीबोर्डला मासाताका मात्सुतोया, पेडल स्टील या आडव्या गिटारला हिरोकी कोमाझावा. यंत्रांपाशी किन्जी योशिनो, 'काझेमाची रोमान'चेच ध्वनिमुद्रक आणि जपानमधल्या सुरुवातीच्या स्वतंत्र अभियंत्यांपैकी एक. हा मुद्दा लहान वाटतो, पण नाही. कंपनीचा पगारी अभियंता कंपनीच्या स्टुडिओला बांधलेला असतो. 'यंत्रं गाडीत घालून गावी चला' असं त्याला म्हणता येत नाही.

या प्रकरणात लेबल होतं, करार होता, रेकॉर्ड छापून विकणारी कंपनीही होती. म्हणजे 'स्वतंत्र अल्बम' या शब्दाचा आजचा व्यावसायिक अर्थ इथे लागू पडत नाही. होसोनोंनी हातात घेतल्या त्या दोनच गोष्टी: जागा आणि वेळ. माझ्या मते १९७३ साली याहून जास्त हातात घेणं कुणालाही परवडलं नसतं, आणि याहून जास्तीची गरजही नव्हती.

घरात बँड वाजवला की काय बिघडतं

स्टुडिओच्या भिंती जाड असतात, कंट्रोल रूम काचेआड असते, गायकाला वेगळी खोली मिळते. राहत्या घरात यातलं काहीच नसतं. पहिला शत्रू म्हणजे लीकेज, एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडणं. ड्रम्सजवळ आवाजाची पातळी सहज १०० डेसिबलवर जाते. हळू गाणारा माणूस एक मीटरवर ६५ ते ७० डेसिबल. दोघं एका खोलीत असले तर गायकाच्या माइकला गायकापेक्षा ड्रम्सच जास्त ऐकू येतात.

नुसता गोंगाट वाढतो एवढंच असतं तर चालवून घेता आलं असतं. खरं नुकसान वेळेच्या फरकानं होतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बास ड्रमसमोर एक माइक आहे आणि गायकाचा माइक तिथून तीन मीटरवर, तर तोच ठोका दुसऱ्या माइकमध्ये जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही एकत्र मिसळले की ५७ हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो, मग १७१ च्या जवळचा, मग २८६ च्या जवळचा. बास ड्रमचं वजन नेमकं ५० ते ६० हर्ट्झमध्ये असतं. त्यामुळे प्रत्येक माइक एकेकटा ऐकला तर उत्तम वाटतो, आणि सगळे उघडले की ड्रम पुठ्ठ्याचा खोका होऊन बसतो. नवखा माणूस इथे इक्वलायझरनं, म्हणजे सूर कमी-जास्त करणाऱ्या यंत्रानं, बास वाढवतो. जे खाल्लं गेलंय ते वाढवून परत येत नाही. माइक हलवावा लागतो.

माइक हलवण्याचा ढोबळ नियम तीनास एक. एक माइक आपल्या वाद्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर दुसऱ्या वाद्याचा माइक त्याच्यापासून किमान ९० सेंटिमीटरवर हवा. तिप्पट अंतरानं सांडणारा आवाज साधारण साडेनऊ डेसिबल खाली येतो. गायकाच्या बाबतीत हाच नियम उलटा वापरता येतो: तोंड ३० वरून १० सेंटिमीटरवर आणलं की आवाज तेवढाच वर येतो. आणि दिशादर्शी माइकला इतकं जवळून गायलं की खालचे स्वर आपोआप जाड होतात. ताणून गाणाऱ्याला ही जाडी नको असते, पण खालच्या सुरात गाणाऱ्या होसोनोंसारख्या माणसाला ती फुकटात मिळते.

दुसरा शत्रू खोली. समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर असेल तर ४३ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, छत २.४ मीटरवर असेल तर ७१ ला. बासचा एक सूर भिंती हलवतो आणि त्याच्या शेजारचा गायब होतो. गाद्या, रजया, गालिचे लावून वरचे स्वर शांत होतात. खाली २०० हर्ट्झच्या आत त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. तिथे दोनच इलाज. बासचा अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपासून ओढून घ्यायचा, किंवा त्याला गप्प करून बास गिटारची वायर थेट मिक्सरमध्ये घालायची. पातळ लाकडी भिंतींचा एक फायदाही आहे: खालचे सूर त्यांच्यातून बाहेर निघून जातात, काँक्रीटच्या खोलीसारखे आत कोंडून राहत नाहीत. शेजाऱ्यांना मात्र बासची पूर्ण मैफल ऐकू येते.

तिसरी गोष्ट वीज. पूर्व जपानात घरगुती पुरवठा १०० व्होल्ट, ५० हर्ट्झ. यंत्रं दोन वेगवेगळ्या सॉकेटांवर लावली आणि वायरींमधून जमिनीचे (अर्थिंगचे) दोन रस्ते तयार झाले की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण टेपवर बसते. एकदा बसली की गाण्याच्या खालच्या सुरांत मिसळते आणि निघत नाही. म्हणून सगळी यंत्रं एकाच जागेवरून जोडायची आणि फ्रिज बंद ठेवायचा. हे पाहायचं पहिल्या टेकच्या, म्हणजे गाणं एकदा सलग वाजवून टेपवर घेण्याच्या, आधी, कारण शांत गाणं आलं की मगच ती गुणगुण कानावर येते, आणि तोवर चार गाणी झालेली असतात.

हे सगळं सांभाळूनही लीकेज शिल्लक राहतंच, आणि इथेच निर्णयाचा प्रश्न येतो. ड्रम्स गिटारच्या माइकमध्येही आहेत, म्हणजे गिटारची एक चूक नंतर एकटी दुरुस्त करता येत नाही. टेक ठेवायचा तर सगळ्यांचा, टाकायचा तर सगळ्यांचा. त्यात टेपचं गणित. ७६२ मीटरची रीळ सेकंदाला ३८ सेंटिमीटरच्या वेगानं ३३ मिनिटं चालते. चार मिनिटांच्या गाण्याचे आठ टेक झाले की रीळ संपली. जुना टेक पुसायचा की नवी रीळ काढायची हे तिथल्या तिथे ठरवावं लागतं.

'होसोनो हाउस' ऐकताना हे कानाला कळतं. ड्रम्स कोरडे, लहान, शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखे. कुणीही जोरात वाजवत नाही, कारण जोरात वाजवणं म्हणजे गाणाऱ्याच्या माइकमध्ये घुसणं. चार उत्तम वादकांनी एकमेकांना जागा देण्यासाठी हात आखडले, आणि त्यातून अल्बमचा पोत आला. स्टुडिओत प्रत्येकाला काचेआड बसवलं असतं तर हा संयम शिकवून आला नसता.

गाण्यांचे विषयही घराच्या अंतरावरचे आहेत. एका गाण्याचं नाव 'राहण्याचा पत्ता नाही, नोकरी नाही, कमाई कमी', अगदी वर्तमानपत्रातल्या गुन्हेवृत्तात आरोपीचं वर्णन असतं तसं. दुसरं 'फुकु वा उची, ओनि वा सोतो'. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी जपानी घरांत भाजलेले सोयाबीन उधळत 'राक्षस बाहेर, भाग्य आत' असं ओरडतात. आपल्याकडच्या 'इडा पिडा टळो'ची चुलत बहीण. होसोनोंनी क्रम फिरवून भाग्याला आधी आत घेतलं. हिवाळा ओलांडण्यावरही एक गाणं आहे, आणि रेकॉर्डिंगचे महिने फेब्रुवारी-मार्च.

दुसरी वाट, ओताकींची

याच सुमारास ओताकी योकोता तळाजवळच्या फुस्सा गावात तशाच अमेरिकी घरात राहत होते. त्यांनी वेगळं केलं: स्वतःचं लेबल काढलं, 'नायगारा', आणि राहत्या जागी स्टुडिओ उभारला. १९७६ मध्ये निप्पॉन कोलंबियाशी करार झाला. स्टुडिओसाठी १६ ट्रॅकचं यंत्र मिळणार, आणि बदल्यात तीन वर्षांत बारा अल्बम द्यायचे. कागदावर ही होसोनोंपेक्षा कितीतरी मोठी स्वायत्तता: लेबल आपलं, स्टुडिओ आपला, यंत्र आपल्या घरात. पण यंत्राच्या मागोमाग घड्याळही घरात आलं. दर तीन महिन्यांना एक अल्बम या वेगानं कुणाचंही चांगलं काम होत नाही. त्या करारातून मोकळं होऊन, थांबून, १९८१ मध्ये सीबीएस-सोनीकडून त्यांनी 'अ लाँग व्हेकेशन' आणला तेव्हा तो दहा लाखांवर खपला. करार करायला बसलेल्यानं हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं: यंत्र कुणाचं, यापेक्षा किती दिवसांत किती द्यायचं, हे कलम जास्त महत्त्वाचं.

होसोनोंच्या घरात जमलेल्या टोळीचं मात्र पुढे कामच झालं. होसोनो, सुझुकी, हायाशी आणि मात्सुतोया 'कॅरमेल मामा' या नावानं इतरांसाठी वाजवू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गायिका युमी आराइचा पहिला अल्बम 'हिकोकी-गुमो' आला, त्यात हेच वादक. नंतर नाव बदलून 'टिन पॅन अ‍ॅली'.

मधली शेहेचाळीस वर्षं

इथे भरभर जाऊ. १९७८ मध्ये चित्रकार तादानोरी योकोओंसोबतच्या भारतप्रवासातून 'कोचीन मून' निघाला. 'मलबार हॉटेल', 'हेपटायटिस', 'हम घर साजन' अशी गाण्यांची नावं. प्रवास पोटाला मानवला नव्हता हे नावांवरूनच कळतं. आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं ते हे की गिटार आणि बासवाल्या या माणसानं इथे जवळजवळ सगळं सिंथेसायझरवर केलं. त्याच वर्षी यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा त्यांचा इलेक्ट्रॉनिक बँड. १९८२ च्या 'फिलहार्मनी' अल्बममध्ये एम्युलेटर हे नुकतंच आलेलं सॅम्पलिंग यंत्र, कुठलाही आवाज टिपून सुरांत वाजवणारं: आठ बिट, एका आवाजाला जेमतेम दोन सेकंद, साठवण फ्लॉपीवर. दोन सेकंदांत मावेल एवढ्याच आवाजांतून अल्बम करायचा, ही बंदिस्ती होसोनोंना मानवली.

जुनी गाणी मात्र त्यांनी बराच काळ बाजूला ठेवली. दरम्यान २००५ मध्ये रेइ हाराकामी या एकांड्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारानं आपल्या 'लस्ट' अल्बममध्ये 'होसोनो हाउस'मधलं 'ओवारी नो किसेत्सु' घेतलं. हाराकामीचं काम मुख्यतः रोलंड एससी-८८ प्रो या, त्या काळी कराओके आणि हौशी संगणक संगीतासाठी विकल्या जाणाऱ्या, पेटीवर. घरातल्या बँडचं गाणं एकट्या माणसाच्या टेबलावर कसं बसतं याचा पहिला पुरावा असा दुसऱ्याच माणसाकडून आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सायामातच हाइड पार्क म्युझिक फेस्टिव्हलमध्ये होसोनो पुन्हा गायले. २०१८ मध्ये 'होसोनो हाउस' अमेरिकेत अधिकृतपणे निघाला आणि तिकडच्या तरुण श्रोत्यांच्या हाती लागला.

एकट्यानं

आता २०१९. स्टुडिओचं भाडं नाही, रिळीचा शेवट नाही, शेजारच्या माइकमध्ये सांडायला दुसरं कुणी नाही. १९७३ चे शत्रू गेले. त्यांच्या जागी आले ते वेगळ्या जातीचे.

पहिला, विलंब. संगणकातून स्वतःला ऐकत गायचं तर आवाज आत जाऊन बाहेर यायला वेळ लागतो. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे (सॅम्पल) करतो आणि थोडे साठवून मग पुढे पाठवतो; ही साठवण म्हणजे बफर. २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे जाताना ५.८ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच; वर यंत्राचा स्वतःचा थोडा. १२-१३ मिलिसेकंदांवर हळू गाणाऱ्याला हेडफोनमध्ये आपलाच आवाज पोकळ वाटतो, कारण हाडांतून येणारा आवाज आणि कानावरचा आवाज एकमेकांना खातात. मग तो नकळत जोरात गातो, आणि ज्या आवाजासाठी सगळा खटाटोप तोच जातो. बफर ६४ वर आणायचा, नाहीतर संगणकाला वळसा घालून माइक थेट हेडफोनला द्यायचा.

दुसरा, ताल. हा होसोनोंचा जुना ध्यास: सरळ आणि शफल यांच्या मधली जागा. ठोक्याचे दोन अर्धे सारखे असले की ५०:५०. पक्का शफल म्हणजे ६७:३३, पहिला अर्धा लांब आणि दुसरा आखूड. जुन्या रॉक-अँड-रोलमध्ये ड्रमर एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला झुकलेले असतात, आणि ऐकू येतं ते मधलंच काहीतरी, ५५ ते ६० च्या दरम्यान कुठेतरी. भजनी ठेक्यातला झोल ज्यांनी ऐकलाय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. चार माणसं वाजवतात तेव्हा हा झोल त्यांच्यातल्या फरकातून येतो. एकटा माणूस संगणकाच्या जाळीवर सगळं स्वतः मांडतो तेव्हा फरक करायला दुसरं कुणी नसतं. सगळ्या वाद्यांना एकच ५७ टक्के दिले तरी ते मेलेलंच वाटतं. बासला एक, हाय-हॅटला (ड्रम्समधल्या झांजांना) दुसरं, आणि स्नेअर हा छोटा ड्रम १०-१५ मिलिसेकंद मागे, असं प्रत्येकाचं वेगळं भांडण कृत्रिमपणे उभं करावं लागतं. यात दिवस जातात.

तिसरा सगळ्यात अवघड, आणि तो यंत्रातला नाही. कुठलाच निर्णय कायमचा नसतो. चाळीस टेक ठेवता येतात, गिटार पुढच्या आठवड्यात बदलता येते, ड्रम्स नंतर कधीही. १९७३ मध्ये टेक संपला की ड्रमर हायाशींच्या चेहऱ्यावरून कळायचं तो झाला की नाही. एकट्याला ते कळत नाही, आणि अशा मोकळिकीत अल्बम पुरे न होता वर्षानुवर्षं फोल्डरमध्ये पडून राहतात.

होसोनोंनी यावर केलं ते फार हुशारीचं वाटतं. कामाच्या आधीच त्यांनी स्वतःला बांधून घेतलं. नवीन गाणी नाहीत, हीच अकरा. क्रम निवडायचा प्रश्नच नाही. आहे तोच उलटा. गायचं काय आणि कशानंतर काय, हे दोन मोठे प्रश्न असे आधीच मिटले आणि उरलेली सगळी शक्ती 'कसं' याकडे गेली. जिथे हात सैल सोडला तिथे तो नावातच दिसतो: 'बोकु वा चोत्तो'ला 'उन्हाळी' अशी जोड मिळाली, 'चू चू गातागोतो'ला 'अमेरिकी'.

उलट्या क्रमाचा एक जास्तीचा अर्थ एलपी ओळखणाऱ्यांना दिसेल. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण कापते, आतल्या टोकाला २१ च्या आसपास. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, म्हणून आत वरचे स्वर चिरकतात. १९७० च्या दशकात बाजूचं शेवटचं गाणं शक्यतो शांत ठेवत ते यामुळे. आवड नंतर, खोबण आधी. २०१९ मध्ये फाइलला आतलं टोक नसतं, म्हणून क्रम उलटवणं हा निव्वळ खेळ होऊ शकला.

त्या वर्षी मे-जूनमध्ये होसोनो न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये गायले. २०२२ मध्ये ब्रिटिश पॉप गायक हॅरी स्टाइल्सनं आपल्या 'हॅरीज हाउस'चं नाव १९७३ च्या अल्बमवरून सुचल्याचं सांगितलं, आणि सायामातल्या त्या लाकडी घराचा पत्ता विचारणारी एक नवी पिढी आली. त्या पिढीला दोन्ही अल्बम एकाच फोनवर, एकापाठोपाठ एक मिळतात. तसे लावून ऐकले तर पहिल्याची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट एकाच गाण्यानं होतो: 'रॉक-ए-बाय माय बेबी', अंगाईचं नाव घेतलेलं, खालच्या सुरातलं. एकदा २५ वर्षांचा गळा, एकदा ७१ वर्षांचा. दोघांपैकी कुणीही आवाज चढवत नाही.